काठावर पास

घर घेतलं की माणसाची डिक्शनरी बदलते. आधी आपल्याला 'टार्गेट', 'अप्रेझल' आणि 'नोटीस पिरियड' एवढेच शब्द घाबरवायचे. मग एक दिवस होम लोन सँक्शन होतं आणि आपण कार्पेट एरिया, ओसी, प्री-ईएमआय अशा भाषेत बोलायला लागतो. ताबा मिळाला की पुढचा धडा. प्लाय, लॅमिनेट, चॅनेल, बिजागरी, स्कर्टिंग... आणि या सगळ्याच्या शेवटी येतो तो शब्द, जो प्रत्येक कॉन्ट्रॅक्टर दर दोन वाक्यांआड वापरतो आणि ज्याचा अर्थ कुणीच धड सांगत नाही. फिनिशिंग!

'मॅडम, काम झालंय. फक्त फिनिशिंग बाकी आहे.'

हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही तो अजून भाड्याच्या घरात राहतोय, असं खुशाल समजा. आपल्याला ऑफिसात हे वाक्य वेगळ्या कपड्यांत भेटतं. सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणीतरी सांगतो, 'नव्वद टक्के झालंय.' पुढच्या सोमवारीही नव्वदच झालेलं असतं. उरलेले दहा टक्के हा एक स्वतंत्र प्रोजेक्ट असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याचा वेळ कुणीच धरलेला नसतो. घराच्या कामात हे दहा टक्के नेमके कुठे असतात माहितीये? कडांवर.

माझं घर ठाण्यात, घोडबंदर रोडला. वन बीएचके. 2024 च्या दिवाळीआधी ताबा मिळाला. बिल्डरनं दिलेला ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, आणि तो तसाच ठेवायचा यावर आईचं आणि माझं एकमत झालं. (अशी एकमतं आमच्यात मोजून तीन आहेत.) परदेशी मासिकांतल्या किचनमध्ये ओट्यावरही सर्रास लॅमिनेट दिसतं, पण आपल्याकडे ओट्यावर कुकर उतरतो, गरम कढई आपटते, नारळ फुटतो आणि दिवसभर पाणी वाहत असतं. तिथे दगडच हवा. मला लॅमिनेट हवं होतं ते ओट्याला जोडून हॉलकडे येणाऱ्या काउंटरवर. चार फूट लांब, दीड फूट रुंद. एक टोक भिंतीला, बाकी तीन बाजू मोकळ्या. सकाळचा चहा, रात्रीचा लॅपटॉप, मधल्या वेळात भाजी निवडणं, अशी सगळी खाती त्याच्याकडे.

कामाच्या तिसऱ्या दिवशी मिस्त्रींचा फोन आला. 'मॅडम, मायका आला.' माझ्या शेजारच्या डेस्कवरची दिल्लीची मैत्रीण दचकली. तिच्या हिंदीत मायका म्हणजे माहेर. तुझं माहेर कुरियरनं येतं का, असं ती आजही विचारते.

पण या 'मायका'ची गोष्ट खरंच ऐकण्यासारखी आहे. मायका म्हणजे मूळ इंग्रजी माइका, आपलं अभ्रक. विजेच्या उपकरणांत इन्सुलेशनसाठी अभ्रक वापरायचे. अमेरिकेत हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ'कॉनर या दोन इंजिनियरांनी त्याच्या ऐवजी चालेल असं राळ आणि कापडाचे थर दाबून केलेलं मटेरियल शोधलं आणि 1913 मध्ये कंपनी काढली. 'फॉर मायका', म्हणजे अभ्रकाच्या बदली, म्हणून नाव फॉर्मिका. विजेच्या खोक्यातून ते पुढे टेबलावर आलं, मग हॉटेलांत, मग स्वयंपाकघरात. आपल्याकडे सनमायका या ब्रँडचं नाव इतकं रुळलं, की कुठल्याही कंपनीचा शीट असो, आपण सनमायकाच म्हणतो. जसं कुठल्याही टूथपेस्टला एक पिढी कोलगेट म्हणायची. आणि सुतार त्यातला 'सन' गाळून नुसतं मायका म्हणतात. म्हणजे जे अभ्रक नाही म्हणून त्याला ते नाव पडलं, त्यालाच आपण अभ्रक म्हणतोय!

मुळात हा शीट म्हणजे कागद असतो. खाली जाड तपकिरी क्राफ्ट पेपरचे थर, फिनॉलिक राळेत भिजवलेले. वर डिझाइनचा कागद, मेलॅमाइनच्या राळेतला. सगळं एकावर एक ठेवून प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली घट्ट केलेलं. वरचा चेहरा काचेसारखा कडक. आठ बाय चार फुटांचा शीट, कपाटाच्या शटरला 0.8 मिलिमीटरचा चालतो, पण जिथे वस्तू सरकतात तिथे 1 मिलिमीटरचा घ्यावा. आता हे सगळं पाठ करायची गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा, की वरून तो दगड असतो आणि कडेनं कागद. पाणी वरून जात नाही, कडेनं जातं. ओरखडा वरून पडत नाही, टवका कडेचा उडतो. आणि कडेला जी बारीक काळपट रेघ दिसते ना, ती घाण नसते. तो आतला क्राफ्ट पेपर असतो. ती रेघ सरळ आणि एकसारखी असली तर समजायचं, काम करणाऱ्याचा हात चांगला होता.

माझ्या काउंटरची रेघ कशी होती? उंदरानं कुरतडल्यासारखी.

शीट चिकटवताना तो प्लायच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर मुद्दाम ठेवतात. कारण आधीच अचूक मापाचा कापला आणि चिकटवताना केसभर सरकला, तर एका बाजूला प्लाय उघडा पडतो. जास्तीचा भाग नंतर कडेबरोबर छाटायचा, ही पद्धत. आमच्याकडे चिकटवण्यापर्यंत सगळं रीतसर झालं. मग बुधवारी कुणीतरी येऊन पटाशीनं ठिकठिकाणी ठोकून जास्तीचा मायका उडवला आणि निघून गेलं. कुठे अजून तीन मिलिमीटर बाहेर, कुठे आतपर्यंत टवका, आणि सगळीकडे धार. ब्लेडसारखी!

मी कॉन्ट्रॅक्टरला फोटो पाठवले. उत्तर आलं, 'मॅडम, हे असंच असतं. वापरून वापरून गुळगुळीत होतं.' खाली एक स्माइली. त्याखाली बँक डिटेल्स. शेवटचा हप्ता, पंधरा हजार.

एरवी मीही म्हणाले असते, जाऊ दे. ईएमआय सुरू झालेला असतो, रजा संपलेल्या असतात, धुळीनं नाक चोंदलेलं असतं. माणूस थकून शरणागती पत्करतो आणि नेमक्या याच क्षणावर अख्खी फिनिशिंग इंडस्ट्री उभी आहे. पण पुढच्या आठवड्यात आई-बाबा मिरजेहून राहायला येणार होते. बाबांच्या हृदयाची झडप 2019 मध्ये बदलली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, आणि रक्ताची तपासणी नियमित. अशा माणसाला साधं खरचटलं तरी रक्त थांबायला वेळ लागतो. मिरजेच्या घरी दाढीचं ब्लेड गेलं, ट्रिमर आला. नखं आई कापते. त्यात गुडघे दुखतात, म्हणून बाबा उठताना-बसताना समोर जे असेल त्याच्या कडेला हात टेकतात. टेबलाची कड, कॉटची कड, ओट्याची कड. आणि या काउंटरची उंची मी त्यांना खुर्चीवर बसून चहा पिता यावा अशीच घेतली होती.

वापरून गुळगुळीत होणार होतं. कुणाच्या हातानं, एवढाच प्रश्न होता.

कॉन्ट्रॅक्टरनं दुसरा उपायही सुचवला. वरून चिकटवायची प्लॅस्टिकची पट्टी. दिसायला बरं दिसतं, झटपट होतं. पण कुरतडलेल्या कडेवर पट्टी म्हणजे फुटलेल्या स्क्रीनवर स्क्रीनगार्ड. पट्टीमागे पोकळी राहते, फडक्याचं पाणी तिथे साठतं, पहिल्या पावसाळ्यात प्लाय फुगायला लागतो. फॅक्टरीत मशीनवर गरम गोंदानं बसवलेली एज बँडिंगची पट्टी वेगळी गोष्ट. मॉड्युलर किचनच्या शटरला ती असते आणि छान टिकते. साइटवर, आधी खराब झालेल्या कडेवर हातानं चिकटवलेली ती ही नव्हे.

मग मी सरळ मिस्त्रींना फोन लावला. पहिल्या दिवसापासून काम त्यांनीच केलं होतं. मूळचे जौनपूरचे, पण वीस वर्षं ठाण्यात, त्यामुळे मराठी, हिंदी आणि सुतारकाम यांची मिळून एक भाषा बोलतात. बुधवारी ते आलेच नव्हते, दुसऱ्याच कुणाला पाठवलं होतं.

'मिस्त्रीजी, बुधवारी तुम्ही का नाही आलात?'

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, 'मॅडम, सहा दिवसांचा रोज बाकी आहे. सेठ म्हणाला, तुमचं पेमेंट आलं की देतो. घरी बसून कसं चालणार? दुसरी साइट पकडली.'

घ्या! मला सांगितलं जात होतं, पैसे द्या म्हणजे फिनिशिंग होईल. त्यांना सांगितलं जात होतं, फिनिशिंग होऊन पैसे आले की रोज मिळेल. आणि मधल्या मध्ये माझी साडेनऊ फुटांची कड कुरतडलेली. बाराशे रुपये रोज, सहा दिवस. सात हजार दोनशे. आपल्यासाठी एका वीकेंड ट्रिपचा खर्च. त्यांच्यासाठी महिन्याचं भाडं आणि गावी पाठवायची रक्कम.

मी कॉन्ट्रॅक्टरला मेसेज केला. ऑफिसात क्लायंटला लिहितो तसा, थंड डोक्यानं, मुद्दे घालून. एक, कड नीट झाल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. दोन, कड हेच मिस्त्री करतील. तीन, काम झालं की तुम्ही घरी यायचं, मिस्त्रींचा बाकी रोज माझ्यासमोर द्यायचा, त्याच मिनिटाला तुमचे पंधरा हजार तुमच्या खात्यात. दोन तास निळ्या टिका नुसत्या दिसत होत्या. मग आलं, 'ओके मॅडम.' या वेळी स्माइली नव्हती.

शनिवारी सकाळी दहाला मिस्त्री हजर. (आमच्या सोसायटीत मशीनचा आवाज दहानंतरच, दुपारी दोन ते चार बंद, रविवारी अजिबात नाही. हा नियम आधी विचारून ठेवा, नाहीतर वॉचमन आणि सुतार यांच्यातला संवाद तुम्हाला दुभाषा म्हणून ऐकावा लागतो.)

पहिलं काम त्यांनी काय केलं असेल? टिचक्या मारल्या! आजी कलिंगड पारखायची तसं, बोटानं ठोकत ठोकत पूर्ण काउंटर फिरले. ठक, ठक, ठक... एका कोपऱ्याजवळ टप. पोकळ. तिथे कडेच्या पट्टीला गोंदच लागला नव्हता. 'हे आधी. सुटलेल्या मायकावर मशीन चालवलं तर टवका उडणारच.' पट्टी हलकेच उचलून आत दोन्ही अंगाला रबराचा गोंद लावला, हाताला चिकटेनासा होईपर्यंत सुकू दिला, मग दाबून वर टेप ओढली. या गोंदाचा वास डोक्यात जातो आणि त्याची वाफ पेट घेते. म्हणून खिडक्या उघड्या, गॅसचा रेग्युलेटर बंद. फोनवर आई विचारत होती, नव्या घरात सकाळचा दिवा लावलास का. म्हटलं, आज देवसुद्धा सुट्टीवर.

दुसरं काम, जास्तीचा मायका छाटणं. त्याचं छोटं मशीन असतं, ट्रिमर. खाली फिरणारं पातं आणि पात्याच्या टोकाला छोटं बेअरिंग. बेअरिंग कडेला टेकून घरंगळत जातं आणि पातं त्याच्याबरोबर वरचं कापतं. सोपं वाटतं ना? पण बेअरिंगवर वाळलेला गोंद चिकटला, की ते फिरायचं थांबतं आणि कडेवर घासून काळा डाग पाडतं. मिस्त्री दर थोड्या वेळानं मशीनचा प्लग काढून बेअरिंग थिनरच्या फडक्यानं पुसत होते. प्लग काढून, हे महत्त्वाचं. आणि मशीन न्यायची दिशा ठरलेली. कड आपल्याकडे असेल तर डावीकडून उजवीकडे. पातं ज्या दिशेनं फिरतं त्याच्या विरुद्ध न्यायचं, म्हणजे मशीन ताब्यात राहतं. उलट नेलं तर ते स्वतःच पळत सुटतं, आणि मग आपण त्याच्या मागे.

आवाज असा, की शेजारच्या काकू दार उघडून बघून गेल्या. मायकाचे बारीक तुकडे टाचणीसारखे उडतात. मिस्त्रींनी चष्मा लावला, मलाही एक दिला आणि म्हणाले, 'बघायचं असेल तर डोळे सांभाळून बघा.'

दहा मिनिटांत तिन्ही बाजू सरळ! मला वाटलं, झालं. इथेच तर सगळ्यांना 'झालं' असं वाटतं. मशीन थांबतं, आवाज बंद होतो, लांबून काउंटर झकास दिसतो. बहुतेक घरांत काम इथेच संपत असणार. पण मशीननं कापलेली कड काटकोनी असते आणि 1 मिलिमीटर जाडीच्या कडक शीटचा काटकोन म्हणजे सुरीच.

मिस्त्रींनी पिशवीतून कानस काढली. चपटी, बारीक दात्यांची, लाकडी मूठ हातात बसून बसून काळी पडलेली. कड जराशी तिरकी धरून, वरून खाली, प्लायच्या दिशेनं एक सरळ फटका. मग उचलून परत मागे. पुन्हा फटका. पुढे जाताना घासायचं, मागे येताना टेकवायचंही नाही. कारण मागे ओढताना कानस मायकाला वर उचकटते आणि टवका उडतो. साडेनऊ फूट कड, अशा छोट्या छोट्या फटक्यांनी. प्रत्येक फटक्याला तपकिरी भुकटी आणि ती काळपट रेघ हळूहळू एकसारखी होत जाते. बुधवारचे जे टवके आत गेले होते, ते पूर्ण जाणार नव्हतेच. तिथे त्यांनी तिरकेपणा जरासा वाढवत दोन्ही बाजूंना लांबवर मिसळवून टाकला. आता कुठे होते ते मला माहीत आहे म्हणून दिसतात. तुम्हाला दाखवले तरच दिसतील.

कोपऱ्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. हॉलकडचे दोन कोपरे, बरोबर मांडीच्या उंचीला. मोठा गोल द्यायचा असेल तर तो प्लायमध्येच आधी द्यावा लागतो, मग मायका. ती वेळ गेली होती. म्हणून आता फक्त टोक मोडायचं, बोट टेकलं तर टोचणार नाही एवढं. मग बारीक पॉलिश पेपर, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून.

'मिस्त्रीजी, याला मशीन नाही?'

'मशीन आहे ना. पण मशीनला कळत नाही, धार गेली की नाही. ते हाताला कळतं.' मग हसून म्हणाले, 'मशीनचं काम सगळे बघतात, मॅडम. कानस चालते तेव्हा गिऱ्हाईक चहा प्यायला जातं.'

मी चहा तिथेच आणला. शेवटची दीड फुटाची बाजू त्यांनी माझ्या हातात कानस दिली. पहिले दहा-बारा फटके त्यांनी माझं मनगट बघितलं, मग बघायचं सोडलं. तुम्हाला सांगते, दिवसभर एक्सेल शीटच्या कडांवर जगणाऱ्या माणसाला या कामाची चटक लागू शकते! इथे 'अनडू' नाही. काढलेलं परत येत नाही. त्यामुळे प्रत्येक फटक्याला थोडं थांबावं लागतं, आणि ते थांबणंच छान वाटतं.

साडेनऊ फुटांना अडीच तास लागले. दहा मिनिटं मशीन, बाकी सगळा वेळ टिचक्या, गोंद, कानस आणि कागद. आपल्या कोटेशनमध्ये मात्र प्लायचा भाव असतो, मायकाचा भाव असतो, स्क्वेअर फुटाची मजुरी असते. या अडीच तासांची ओळच नसते. कोटेशन स्वस्त होतं ते इथेच. आणि ज्याला आपण 'हल्ली कारागीर मिळतच नाहीत' म्हणतो तो कारागीरही बहुधा इथेच हरवतो. त्याला अडीच तासांचे पैसे मिळणार नसतील, तर तो पटाशीनं ठोकून पंधरा मिनिटांत निघून जाणार. त्याच्या जागी आपण असतो तर वेगळं काय केलं असतं? पगार न मिळालेल्या महिन्यात आपण किती प्रेझेंटेशनचे फाँट जुळवतो, हे जरा आठवून बघा.

कॉन्ट्रॅक्टर साडेबाराला आला. काउंटरवरून हात फिरवला, 'एकदम फॅक्टरी फिनिश' असं म्हणाला (जणू काही त्यानंच घासलं होतं), आणि मिस्त्रींच्या फोनवर सात हजार दोनशे पाठवले. टिंग वाजलं. मी पंधरा हजार पाठवले. दुसरं टिंग वाजलं. कुणी आवाज चढवला नाही. तीन माणसं, दोन टिंग, आणि दोन आठवडे अडकलेला गाडा पुढे सरकला.

मिस्त्रींना जास्तीचे पैसे देऊ केले, तर म्हणाले, 'हे काम तर पहिल्या पैशातलंच होतं. द्यायचंच तर एक करा. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर माझा नंबर टाका. सेठचा नको, माझा.' मी त्याच संध्याकाळी टाकला, कडेच्या फोटोसकट. आमच्या टॉवरमधल्या तीन घरांचं काम आता त्यांच्याकडे आहे, मधल्या सेठशिवाय. त्यातल्या एका घराचं कोटेशन मी पाहिलं. सुवाच्य अक्षरात एक ओळ आहे, 'कडा आणि कोपरे घासणे, एक दिवस.' वाचून मला भारीच आनंद झाला.

आई-बाबा आले. बाबांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं होतं, आणि आईचा कुणाच्याही शब्दावर विश्वास नाही. वाती वळायला आणलेल्या कापसातला एक बोळा तिनं घेतला आणि साडेनऊ फूट कडेवरून, कोपऱ्यांवरून, खालच्या बाजूनंसुद्धा, सावकाश फिरवला. जिथे धार असेल तिथे कापसाचा तंतू अडकतो. आमच्या बोटांना जे कळत नाही ते कापसाला कळतं. एका जागी, भिंतीलगत, एक तंतू अडकला. पॉलिश पेपरचा उरलेला तुकडा होताच. घासलं. पुन्हा बोळा. गेला सुळकन. 'पास,' आई म्हणाली. शेजारी बाबा खुर्चीतून उठत होते, काउंटरला हात टेकवून. त्यांनी विचारलं, 'काय चाललंय तुमचं?' आई म्हणाली, 'काही नाही, कापूस बघतेय.'

जाता जाता... घराचं काम काढणार असाल तर हे एवढं कापून फ्रिजवर लावा.

कोटेशन घेतानाच विचारा, कडा कशा करणार? मशीनची पट्टी, की मायकाची? मायकाची असेल तर आधी कडेची पट्टी, मग वरचा शीट, म्हणजे जोड वर न येता बाजूला येतो आणि फडक्याचं पाणी थेट जोडात उतरत नाही. किचनला प्लाय पाण्यात टिकणारा घ्या. आयएस 710 हा शिक्का मरीन प्लायचा, नळाजवळ तोच हवा. सिंकसाठी भोक पाडलं असेल तर आतली उघडी कड रंगानं किंवा सीलंटनं बंद करून घ्या, तिथे कुणाचं लक्ष जात नाही आणि प्लाय सडायला तिथूनच सुरुवात होते. गरम भांडं लॅमिनेटवर थेट ठेवू नका, फुगवटा येतो आणि तो परत बसत नाही.

काम झालं म्हणाले की दोन परीक्षा. एक टिचकीची, पोकळ आवाजासाठी. दुसरी कापसाच्या बोळ्याची, धारेसाठी. हात फिरवून बघू नका, निदान पहिल्यांदा तरी नको.

आणि तिसरा प्रश्न, जो आपण कधीच विचारत नाही. ज्यानं काम केलं त्याला बाजूला घेऊन विचारा, 'तुमचा रोज मिळाला का?' फिनिशिंग बाकी असताना शेवटचा हप्ता देऊ नका. आणि फिनिशिंग झाल्यावर तो एक दिवसही अडवू नका.